मढच्या किल्ल्याबाहेर मंजूची जकात

आधीच सांगून टाकते, मढला आम्ही हवा खायला गेलो नव्हतो. मला माझ्या मुलीची पारख करायची होती, आणि हातात होता एकच रविवार.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. ह्यांची गिरणी बंद पडली होती आणि भांडुपच्या एका कारखान्यात निम्म्या पगारावर काम चालू होतं. अशात मला अंधेरीच्या एका पतपेढीत कारकुनाची नोकरी चालून आली. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. नेमकी त्याच आठवड्यात सासूबाईंनी ट्रंक भरली. "माका आता गावाक जावचा आसा," म्हणाल्या आणि कुडाळची एसटी धरली. झालं! शाळा दुपारी सुटायची आणि मी घरी पोचणार संध्याकाळी. तोवर पाच वर्षांच्या बाबड्याला कोण बघणार? तर मंजू. वय दहा.

आणि आमची मंजू म्हणजे काय सांगू! नारळ आणायला पाठवली तर पिशवी घेऊन परत येणार, नारळ दुकानातच. सुट्टे पैसे मोजून घेणं हे तर तिच्या गावीच नव्हतं.

"तिच्या भरवशावर घर टाकणार तू?" हे म्हणाले. "वाट लागेल गं."

मला राग आला. ते चुकीचं बोलत होते म्हणून नाही, मलाही तेच वाटत होतं म्हणून. रविवारी सकाळी मी भाजी-पोळी बांधली, मंजूच्या गळ्यात कापडी बटवा अडकवला, त्यात वीस रुपये टाकले आणि म्हटलं, "आज खजिनदार तू. तिकिटं तू काढायची, बाबड्याला तू सांभाळायचं. मी फक्त बरोबर चालणार." ह्यांना पहिली पाळी होती. नाहीतर त्यांनी दारातच अडवलं असतं.

घाटकोपरहून बसने अंधेरी, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून वर्सोव्याची बस, मग खाडीपलीकडे मढला होडी. आजही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, उन्हाची टोपी घ्या आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. पहिल्याच बसमध्ये मंजू अडकली. कंडक्टर "आठ आणे परत" म्हणाला आणि ही त्याच्या हातात आठ नाणी शोधत बसली. शाळेत पैसे शिकवायचे आणि घरीदारी सगळे आण्यांत बोलायचे. पोरीचा घोळ होणार नाही तर काय!

मी इतिहासाची बीए. लग्नानंतर ती पदवी पिठाच्या डब्याखाली गेली होती, ती त्या बसमध्ये बाहेर काढली. म्हटलं, "इंग्रजांच्या वेळी रुपयाचे सोळा आणे असायचे. आणे कधीच बंद झाले, पण लोकांच्या तोंडातून गेले नाहीत. चार आणे म्हणजे रुपयाचा पाव हिस्सा. शंभर पैशांचा पाव किती?"

"पंचवीस." मग थोडं थांबून, "म्हणजे आठ आणे पन्नास. अगं, मग हे सोप्पंय ना!"

"सोप्पंच आहे. इंग्रज इथे आधी दुकान मांडायला आले होते, राज्य करायला नाही. आपल्या राजे-नवाबांनी त्यांच्याकडून उधार घेतलं आणि हिशोब त्यांच्याच हातात ठेवला. शेवटी राज्यही त्यांच्याच हातात गेलं."

"आपल्या माणसांनी सुट्टे मागितलेच नाहीत?" मंजूने डोळे मोठे केले. पुढच्या सीटवरचे गृहस्थ खो खो हसले.

वर्सोव्याच्या धक्क्यावर बोंबील सुकवायच्या काठ्यांच्या वलांडी लागलेल्या. बाबड्याने नाक दाबलं. होडी म्हणजे साधी लाकडी मचव्यासारखी, इंजिन लावलेली. बसायला फळ्या, बाकी देवावर हवाला. पलीकडे पोचायला काही मिनिटंच लागतात, पण आमची पोरं पहिल्यांदाच पाण्यावर होती. मंजूने एका हाताने बटवा धरलेला आणि दुसऱ्या हाताने बाबड्याचा शर्ट.

उतरताना मी पुढे झाले, तर ही मागेच उभी. "काका, माझे आठ आणे राहिले."

होडीवाले कोळीबाबा मिशीत हसले. "देतो गो बाय, पलून नाय जात."

आठ आणे घेऊनच ती उतरली. मला मनातून झकास वाटलं, पण चेहरा कोरा ठेवला. खजिनदाराला लगेच डोक्यावर बसवायचं नसतं.

मढच्या रस्त्याला झावळ्यांची सावली होती. मध्येच एखादा क्रूस, त्याच्या पायाशी वाहिलेली ताजी झेंडूची माळ, कुंपणाआडचे बंगले. एका बंगल्यात सिनेमाचं शूटिंग चालू होतं आणि फाटकाशी ही गर्दी! आम्ही पुढे किल्ल्यापाशी गेलो. आत सोडत नव्हते, आजही आधी चौकशी करून जा. पण बाहेरूनच तो काळा तट बघितला आणि इथे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून जकात कशी घ्यायचे ते मी पोरांना सांगत सुटले. समुद्राच्या अगदी कडेला, पोर्तुगीजांनी बांधलेला. कुठला कोण देश, महिनोन्महिने जहाजात काढून माणसं इथे येतात काय, आणि आपल्या खाडीच्या तोंडावर पहारा देत बसतात काय! पुढे मराठ्यांनी तो घेतला, मग इंग्रजांनी. दगड मात्र तेच. पुस्तकात चार ओळींत उरकलेलं सगळं माझ्यासमोर उन्हात उभं होतं. अंगावर काटा आला हो.

तटाला वळसा घालून खडकांवरून समुद्राकडे जाता येत होतं, पण बाबड्याला ते जमण्यासारखं नव्हतं. मी दोघांना सावलीत बसवलं. "दहा मिनिटांत आलेच. इथून हलायचं नाही." आणि गेले. (भरतीच्या वेळी असलं धाडस करू नका.)

पलीकडे समुद्र असा अंगावर आला की मी नोकरी विसरले, सासूबाई विसरल्या, पोरंही विसरले. लांबवर मासेमारीच्या होड्या, त्यांचे फडफडते झेंडे, खाली खडकांत घुसणारं पाणी. लग्नानंतर मी अशी एकटी कुठे उभी राहिलेच नव्हते. शेवटी घड्याळ बघितलं. पाऊण तास होऊन गेला होता.

धडपडत परत निघाले. वाटेत माणसं बंगल्याकडे धावत होती, "चला चला, घोड्यावरचा सीन आहे!" आता आमची पोरं कुठली जागेवर असायला? मी देवाला नवस बोलायच्या बेतात होते आणि तटाच्या कोपऱ्यावरून मंजूचा आवाज आला.

"हे जहाज कुणाचं?"

"माझं!" बाबड्या. गाल रडून ओले, पण आवाज खणखणीत.

"काय भरलंय?"

"चॉकलेट."

"चॉकलेटवर चार आणे जकात. तू रुपया दिलास. परत किती घेणार?"

बाबड्या बोटं मोजत होता. समोर शिंपल्यांची रांग, ती जहाजं. बटव्यातली नाणी मांडीवर. मंजूचा एक हात अजून त्याच्या शर्टाला.

"बारा आणे!"

"मागितल्याशिवाय जहाज हलवायचं नाही. कोणी विसरलं तरी आपण नाही विसरायचं."

मी तिथेच खिळले. ज्या मुलीला कालपर्यंत नारळ आठवत नव्हता, ती पोर्तुगीजांच्या तटाला टेकून धाकट्याला हिशोब शिकवत होती. इतकी वर्षं मी तिला वेंधळी म्हणत आले. माझे डोळे भरून आले आणि मी पदराने पुसलेही नाहीत.

"हा घोडा बघायला जातो म्हणून लोळला," मंजूने मला बघितल्यावर सांगितलं. "पण तू हलू नका म्हणाली होतीस."

परतीच्या वाटेवर एक कोळीण तळलेले बांगडे विकत होती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मंजूने आधी भाव विचारला, मग परतीचं भाडं बाजूला काढलं आणि जाहीर केलं, "एकच येईल. तिघांत." तो बांगडा आम्ही बोटं चाटून खाल्ला.

घरी पोचलो तेव्हा हे दारातच उभे. मंजूने उरलेले पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवले, कुठे किती गेले ते तोंडी सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उद्या होकार कळवते."

तेव्हा मंजू पाय धूत होती. तिने तिथूनच विचारलं, "आई, तू रोज किती वाजता येणार?"

"साडेसहाला."

"आज तू दहा मिनिटं म्हणाली होतीस." आवाजात तक्रार नव्हती, खरंच माहिती हवी होती. "तू आली नाहीस तर मी बाबड्याला काय सांगू?"

हे हसले. मला हसू आलं नाही.

नोकरी मी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत केली. पतपेढीतल्या मैत्रिणी म्हणायच्या, अगं चहा तरी घेऊन जा, कसली एवढी घाई. मी पर्स उचलून बसकडे पळत सुटायचे.