पाणी कधीपासून होतं?

कुठेही शिरलं की आमच्या तळमजल्यावरचे वकीलसाहेब आधी चपलेचा तळ फरशीवर घासून बघायचे. लग्नाच्या हॉलच्या दारातही त्यांचं तेच. वरपक्षाला वाटायचं, हे हॉल विकत घ्यायला आलेत की काय.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये कोणी घसरून पडलं की बाकीचे विचारायचे, लागलं का. हे विचारायचे, "पाणी कधीपासून होतं?" आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो, त्यात मी सगळ्यांच्या पुढे. मग एक दिवस मीच पडले.

स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात दह्याच्या फ्रिजसमोर पाण्यावरून पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. माझा शिवणाचा क्लास बंद पडला. पण मनगटापेक्षा जास्त लागलं ते लोकांचं बोलणं. "खाली बघून चालायला काय होतं गं?" असं माझ्या नवऱ्याने दवाखान्यातच विचारलं. मग जाऊबाईंनी विचारलं, मग दूधवाल्यानेही. हळूहळू मलाही पटू लागलं की मीच वेंधळी.

वकीलसाहेब भेटायला आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, पाणी कधीपासून होतं?"

मला रडूच फुटलं. "मला काय माहीत? मी पडत होते!"

"झकास! कोणी विचारलं तर हेच खरं सांगायचं," ते म्हणाले. "नुसतं पडून भागत नाही. पाणी आत्ताच सांडलं असेल तर दुकानदार बिचारा काय करणार? त्याला माहीत होतं, वेळही होता, तरी त्याने काही केलं नाही, हे दाखवायला हवं. तुमची चूक निघाली तर मीच सांगेन."

मी पडले त्याच दिवशी माझ्या मुलीने, रागारागाने, तिथल्या फरशीचा फोटो काढला होता. त्यात फ्रिजखाली एक पोतं दिसत होतं. आम्ही ग्राहक आयोगात गेलो. दुकानाने लेखी उत्तर दिलं की बाईंनी खाली बघितलं नाही, आणि वर ऐटीत लिहिलं की आम्ही तर पोतं टाकून पूर्ण काळजी घेतली होती.

ते वाचून वकीलसाहेब लहान मुलासारखे खूश झाले. "अहो, पोतं टाकलं म्हणजे गळतंय हे माहीत होतं! आणि त्या पोत्याच्या कडा बघा. शेवाळं धरलंय. एका दिवसात धरतं का?"

निकालात लिहिलं होतं, पडलेल्या बाईंची चूक नाही. तेवढं वाक्य मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. त्या दिवशी चहा त्यांनी केला.

पुढे वकीलसाहेब स्वतःच पडले, घरच्या न्हाणीघरात. खुबा मोडला. येणारा प्रत्येक जण सांगायचा, "काका, या वयात जपून चालायचं ना." ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. मला म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं, वहिनी." त्यांच्या तोंडून हे ऐकवेना. मी उठून तडक न्हाणीघरात गेले. गीझरचा पाइप ठिबकत होता आणि खाली नीट घडी केलेलं पोतं होतं.

परत येऊन मी विचारलं, "पाणी कधीपासून होतं?"

ते वळले. डोळ्यांत जुनी चमक आली. "गणपतीच्या आधीपासून."

"आणि पोतं?"

"मीच टाकलं," ते म्हणाले आणि इतके हसले की त्यांची बायको ओरडत आली. तिच्याकडे न बघता ते मला म्हणाले, "वाट लागली! वहिनी, मी केस हरलो!"

"पडलेले तुम्ही, घरमालकही तुम्ही. आपसात मिटवून टाका," मी म्हटलं.

त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. मला फार चुकल्यासारखं होतं त्यांच्याशिवाय. आता दुकानात शिरताना मीच चपलेचा तळ घासून बघते. माझा नवरा शेजारी थांबतो, खाली बघ म्हणत नाही. परवा तर मी पिशवी सावरत होते, तेवढ्यात त्यांनीच पाय पुढे टाकून फरशी घासून पाहिली आणि म्हणाले, "ये. कोरडी आहे."