न धुतलेलं लुगडं

“हार्ट फेल्युअर आहे,” डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, संपलं सगळं. माझं तोंड बघून त्यांनी समजावलं, “हृदय बंद पडलेलं नाही, दमलंय. रक्त पुढं ढकलायला जोर पुरत नाही, म्हणून पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचतंय. आजी बसून कधीपासून झोपतात?”

“दोन महिने झाले की,” मी म्हटलं आणि मान खाली घातली.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या आत्ती. वय शहाऐंशी. आमच्या चंद्री म्हशीचं रेडकू दगावलं आणि तेव्हापासून ती फक्त आत्तींच्या हाताला पान्हा सोडायची. आत्ती भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या की आम्ही म्हणायचो, म्हशीचा घोर लागलाय. पायावरची सूजही दिसत होती. काय अक्कल म्हणायची आमची! तुमच्या घरचं म्हातारं माणूस आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून बसून झोपायला लागलं, तर एक दिवसही थांबू नका.

आत्तींचे मालक गेले तेव्हा धाकटं पोर पाळण्यात होतं. म्हशींच्या जिवावर तीन पोरं वाढवली बाईनं. मी सून म्हणून आले तेव्हा मला चूल दिली, गोठा दिला नाही. “तुजा हात तापट हाय,” म्हणायच्या. तीस वर्षं हे ऐकलं. राग यायचा, पण खोटं नव्हतं.

शाहूपुरीतल्या दवाखान्यात टू-डी इको झाला, म्हणजे छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय बघतात. लघवी व्हायची इंजेक्शनं सुरू झाली. मीठ बंद, पाणी मोजून. डॉक्टरांनी बजावलं, “त्यांच्या मनाला त्रास होईल असं काही सांगू नका.”

आणि आत्ती सकाळ-संध्याकाळ एकच विचारायच्या, “चंद्रीनं पान्हा सोडला का गं?”

“सोडला की. पाच लिटर दिलं.”

धादांत खोटं. गावाकडून आमच्या ह्यांचे फोनवर फोन. “कास दगडावानी झालीया. हात लावू देईना, लाथा घालतीया.” ढोरांचे डॉक्टर म्हणाले होते, दूध निघालं नाही तर कास सुजून म्हैस हातची जाईल. मी कॉटपासून जिन्यापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालायची. इथं बसवेना, तिथं जाववेना.

तिसऱ्या दिवशी अर्धा कप दूध द्यायला परवानगी मिळाली. मी खालच्या टपरीवरून आणलं आणि म्हटलं, “घरचंच हाय, आत्ती.”

एक घोट घेतला आणि त्यांनी कप बाजूला सारला. “पिशवीचं हाय ह्ये.”

त्यांना धाप लागली. नर्स धावत आल्या, ऑक्सिजन लावला. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या खोट्यापायी आत्ती चालल्या, एवढंच डोक्यात.

तासाभरानं धाप बसली. मास्क ओढून काढत म्हणाल्या, “मला फशिवतीस व्हय? जनावर तिकडं तडफडतंय आन् तू हितं बसलीस! माजं लुगडं नेस आन् जा. तापू नगंस तिच्यावर.”

दवाखान्यात आणताना अंगावर होतं ते लुगडं कॉटखालच्या पिशवीत होतं. मी सकाळीच धुणार होते, वाळत घालायला जागा नाही म्हणून राहिलं. नणंदेला बोलावून आत्तींजवळ बसवलं आणि हुपरीची एसटी धरली.

लुगडं नेसून गोठ्यात गेले. चंद्रीनं पदर हुंगला, पुन्हा हुंगला. मी पाठीवर थाप मारली आणि आत्तींसारखं पुटपुटत बसले. बोटं भरून आली, तेव्हा कुठं धार लागली.

दुसऱ्या दिवशी ते दूध आत्तींनी अर्धा कप प्यायलं आणि म्हणाल्या, “चला आता घरला.” डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं, “हृदय नवं होणार नाही. जितके दिवस मिळतील ते घरी सुखात जाऊ द्या.” त्या सरळ बोलण्याचे उपकार मी विसरणार नाही.

पाच महिने मिळाले. मी रोज तेच लुगडं नेसून धार काढायची; आत्ती गोठ्याच्या दारात खुर्चीवर बसायच्या आणि मला शिव्या घालत शिकवायच्या. मग एका सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या. पै-पाहुण्यांच्या गर्दीत मला रडायलाही सुचलं नाही.

महिन्याभरानं एकदा गडबडीत मी माझ्याच साडीवर गोठ्यात गेले. धार निम्मी झाल्यावर लक्षात आलं, लुगडं तर खुंटीवरच आहे. चंद्री गप उभी होती, रवंथ करत. तिथंच तिच्या पोटाला डोकं टेकून मी मोठ्यानं रडले. माझा हात निवला होता, आणि ते सांगायला आत्ती नव्हत्या.

लुगडं अजून खुंटीवर आहे. धुवायला माझा हात होत नाही.