सहावी तार

भुसावळहून मुंबईची गाडी हलली तेव्हा हे खिडकीचा गज धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "प्रज्ञाची आई, तिकडे गिटारच्या तारा बघ. पातळ. मिळाल्या तर आण." बायको सहा महिन्यांसाठी परदेशी निघाली होती, दुसरं काही त्यांना सुचलं नसेल. मी मान हलवली. माझं सगळं लक्ष पासपोर्टच्या पिशवीकडे होतं. ती मी मुंबईपर्यंत सोळा वेळा तरी चाचपली.

प्रज्ञा ही आमची एकुलती एक मुलगी. ऑस्ट्रेलियात कालगुर्ली नावाच्या गावी ती दवाखान्यात डॉक्टर आहे आणि जावई सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून मी निघाले. पर्थला उतरल्यावर जावयांनी गाडीत बसवलं आणि सात तास चालवत राहिले. रस्त्याच्या कडेने पाण्याचा एक जाडजूड पाइप जमिनीवरून चालला होता. मला वाटलं, आता संपेल, मग संपेल. तो शेवटपर्यंत आमच्याबरोबर होता.

"आई, आपल्या गावाला पाणी यातूनच येतं," जावई म्हणाले.

"आणि फुटला तर?"

"नो वरीज, आई. दुरुस्त करतात."

त्यांना काळजी नव्हती. मला मात्र पुढे प्रत्येक नळ सोडताना तो पाइप आठवायचा.

कालगुर्लीची माती विटेच्या भुकटीसारखी लाल आहे. झाडांची खोडं गुळगुळीत, तांब्याला तेल लावावं तशी चमकतात. रोज दुपारी खाणीत सुरुंग उडतो आणि कपाटातल्या वाट्या वाजतात. पहिल्या दिवशी मी गॅस बंद करून दारात जाऊन उभी राहिले होते. शेजारी कोणीच बाहेर आलं नाही, तेव्हा हळूच आत आले.

नात झाली, बाराव्या दिवशी तिला अंघोळ घालत होते आणि प्रज्ञा म्हणाली, "आई, करोनामुळे विमानं बंद झाली." माझं परतीचं तिकीट त्यानंतर तीन वेळा काढलं आणि तीन वेळा रद्द झालं. आमच्या त्या गावात आजार जवळजवळ नव्हताच, पण रजा संपून प्रज्ञा कामावर जायला लागली, तशी ती गॅरेजमध्येच कपडे बदलायची आणि अंघोळ केल्याशिवाय बाळाला हात लावायची नाही. सहा महिन्यांचं वर्ष झालं. वर्षावर महिने गेले.

हे भुसावळला एकटे. रोज फोनवर तेच.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"खिचडी."

"आणि गिटार?"

"काढली नाही."

खिचडीचं मला काही वाटलं नाही. गिटार काढली नाही म्हटल्यावर मात्र मी हातातलं काम ठेवून दिलं. लग्न झाल्यापासून गिटारीशिवाय गेलेला आठवडा मी पाहिला नव्हता.

हे रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ती शिकले कशी, तर लहानपणी वडिलांचा डबा घेऊन जाताना रेल्वे कॉलनीतल्या हॉलच्या खिडकीखाली उभं राहून. आत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर विलायतेहून आलेल्या तबकड्या लावायचा. इंग्रज पोरांच्या वाजवण्याच्या तबकड्या, त्यात गाणारा नसे, गिटारच गायची. एकेक सूर रडल्यासारखा ओढला जायचा. ती ओढ यांना हवी होती. पण आपल्याकडच्या तारा इतक्या राठ, की बोटाने ढकलल्या तरी हलायच्या नाहीत.

मग यांनी एक युक्ती काढली. मेंडोलिनची बारीक तार आणून पहिल्या जागी लावली. पहिलीला दुसऱ्या जागी, दुसरीला तिसऱ्या, अशा सगळ्या एकेक घर सरकवल्या. सगळ्याच मऊ झाल्या. सर्वांत जाड सहावी तेवढी उरली. ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी हे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शेवटी फिटर तो फिटरच. अरे, ते साहेब लोक असली ठोकाठोकी करतात होय?" त्या दिवसापासून हे तारा लावताना भिंतीकडे तोंड करून बसत. मेंडोलिनच्या तारेला टोकाला नुसता फास असतो. गिटारीत अडकायला पितळी मणी लागतो. तो जुन्या तारेचा काढून फासात बसवायचं काम माझं. उरलेली सहावी तारही माझीच. मी तिच्यावर मच्छरदाणी टांगायची.

एवढं सांगितलं, कारण कालगुर्लीत कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याच्या टोमॅटोला मी ती तार पाहिली.

म्हाताऱ्याचं नाव रॉन. ऐंशीच्या घरातला, इंग्लंडहून तरुणपणी बोटीने खाणकामाला आलेला. रोज 'मॉर्निंग, लव्ह' म्हणायचा आणि मी तोंड लपवून आत पळायची. प्रज्ञा हसून लोटपोट. "अगं आई, तो पोस्टमनलाही लव्ह म्हणतो!" त्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. त्याची टोमॅटोची रोपं काठ्यांना जाड, पीळ घातलेल्या तारांनी बांधलेली होती आणि प्रत्येक तारेच्या टोकाला पितळी मणी. सगळ्या सहाव्या. एकही दुसरी नाही. माझ्या हातातला ओला टॉवेल लाल मातीत पडला.

दोन दिवस धीर गोळा केला. तिसऱ्या दिवशी तो पाणी घालत असताना मी कुंपणापाशी जाऊन तारेकडे बोट दाखवलं. त्याने पिशवीभर टोमॅटो दिले. मी मान हलवून नाही म्हटलं, त्याला वाटलं लाजते आहे, त्याने आणखी दिले. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात तीन दिवस टोमॅटोची चटणी.

"आई, बास आता," प्रज्ञा म्हणाली. "पोरीच्या दुधालासुद्धा टोमॅटोचा वास येईल."

चौथ्या दिवशी मी पिशवी घेतलीच नाही. मणी चिमटीत धरला. मग डाव्या हाताची बोटं समोर धरून, उजव्या हाताने एकेक बोट पुढच्या घरात सरकवल्यासारखं करून दाखवलं आणि शेवटचं टोमॅटोकडे फेकून दिलं.

रॉनच्या नळीतलं पाणी त्याच्या बुटावर पडत राहिलं. मग तो घरात गेला आणि रंग उडालेली लाल गिटार घेऊन आला.

रविवारी प्रज्ञाला सुट्टी होती. कुंपणाच्या त्या बाजूला तो खुर्ची टाकून, या बाजूला आम्ही दोघी आणि बाळ. तो बोलत होता आणि ती मला सांगत होती. त्याच्या गावात बोटी बांधायचे. दुकानाच्या काचेत एकच लाल गिटार होती. शाळा सुटली की पोरं काचेला नाक लावून उभी राहायची. बाहेरून वाफ धरायची आणि दुकानदार वेडा आतून पुसत बसायचा. त्या वेळच्या मोठ्या वादकाला काळ्या काड्यांचा चष्मा होता, म्हणून रॉननेही चष्मा केला. डोळे चांगले होते, तेव्हा काचाच काढून टाकल्या. त्याच्या बँडमधल्या चौघांनी सूट घालून, वाजवता वाजवता एकदम डावा पाय, एकदम उजवा पाय टाकायचा. पहिल्याच कार्यक्रमात त्याचा पाय वायरीत अडकला आणि तो ढोलावर पडला.

"आणि तार?" मी विचारलं.

"बँजोची," रॉन म्हणाला. "बारीक तारा मिळतच नव्हत्या, लव्ह. बँजोची पहिली लावायची, बाकी सरकवायच्या. आम्ही सगळेच करायचो. एकमेकांपासून लपवून. मला बिलने शिकवलं, तेही कोणाला सांगणार नाही अशी शपथ घालून." मग तो गिटारीकडे बघत म्हणाला, "बिल गेल्या वर्षी गेला. तिकडे वृद्धाश्रमात, याच आजाराने. फोनवर त्याला वाजवून दाखवायचं होतं. उद्या उद्या करत राहिलो."

मला त्यातलं 'सगळेच' एवढं एकच ऐकू आलं. घरात जाऊन यांना फोन लावला. पुतण्या मिलिंदने उचलला.

"काकू, घाबरू नका. काकांना सकाळी भरती केलंय. ऑक्सिजन लावलाय."

"त्यांना फोन दे."

"आत फोन नेऊ देत नाहीत. सिस्टर निरोप सांगतात. काय सांगू?"

तारांची गोष्ट माझ्या तोंडाशी आली होती आणि मी थांबले. मला एकदम वाटलं, सांगितलं की त्यांचं काम झालं. ऐकतील, डोळे मिटतील आणि जातील. नाही सांगितलं तर थांबतील.

"काही नाही," मी म्हटलं. "जेवा म्हणावं."

प्रज्ञा माझ्यावर चिडली. "सांगून टाक ना! तुला कळतंय का, ऑक्सिजन किती खाली आलाय?"

"समोर सांगीन."

"समोर कधी? विमान आहे का?"

ती डॉक्टर, तिला आकडे कळत होते. ती रडत होती आणि मी पाळणा हलवत होते. दुपारी सुरुंग उडाला, वाट्या वाजल्या आणि मला फोनच वाजल्याचा भास झाला.

दोन दिवस मला काही सुधरलं नाही. भाकरी थापताना रॉनचं 'उद्या उद्या' आठवायचं. न सांगता हे गेले तर? सांगून गेले तर? तिसऱ्या सकाळी मी मिलिंदला फोन केला. "सिस्टरना एवढंच सांगायला सांग, तारांची एक गोष्ट कळली आहे. घरी आल्यावर सांगीन."

"एवढंच?"

"एवढंच."

प्रज्ञाने रॉनला यांच्याबद्दल सगळं सांगितलं होतं. तो रोज कुंपणापाशी अंगठा वर करून, मग खाली करून विचारायचा. मी हात आडवा करून हलवायची, तसंच आहे. एकदा त्याने यांच्यासाठी म्हणून एक जुनी धून वाजवली. मी कपड्यांच्या मागे उभी राहून ऐकली.

सतराव्या दिवशी मी अंगठा वर केला.

त्यानंतर विमान मिळायला महिना गेला. निघताना रॉनने कुंपणावरून एक कागदी पाकीट दिलं, आत बँजोची एक तार. "फॉर द फिटर," म्हणाला. विमानतळावर हातमोजे घातलेल्या बाईंनी ती तार उचलून प्रकाशात धरली. "गिटार," मी म्हटलं. "हजबंड." आयुष्यात परक्या माणसाशी मी बोललेले पहिले दोन इंग्रजी शब्द. त्यांनी तार परत ठेवली. सगळा प्रवास तोंडावर प्लॅस्टिक लावून, मग मुंबईत सात दिवस हॉटेलच्या बंद खोलीत, मग भुसावळ.

हे दारात उभे होते. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, "काय ती तारांची गोष्ट? डोकं खाल्लंस माझं. रोज विचार करायचो, काय असेल, काय असेल."

मी सांगितलं. ते खाली बसले.

"सगळेच?"

"सगळेच. एकमेकांपासून लपवून."

"आणि मी इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलो." त्यांनी एकदा त्या भिंतीकडे पाहिलं. मग वळले. "मग सहावीचं काय करतो तो?"

"टोमॅटो बांधतो."

ते हसायला लागले, हसता हसता खोकला सुरू झाला, आणि मी घाबरून पाठ चोळायला लागले तर हाताने मला बाजूला करत होते की हसू दे.

आता शेजारणी विचारतात, एवढं लांब जाऊन काय पाहिलंस? मी पाइप सांगते, लाल माती सांगते. बाकीचं सांगायला मला जमत नाही, म्हणून इथे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिटार काढली. त्यांच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून फासात मणी मी बसवला. दार उघडं होतं आणि ते दाराकडे तोंड करून बसले होते. बँजोची तार पहिल्या जागी लावली, बाकीच्या एकेक घर सरकवल्या. शेवटी सहावी उरली. तिचं वेटोळं करून, माझ्याकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला.

मी ती घेतली आणि परसातल्या कारल्याच्या वेलाकडे गेले.