वहिनीची टाच आणि घरभर वैद्य

आमच्या घरात दुखणं एकाचं असतं आणि किस्से सगळ्यांचे. मागे दादाला मलेरिया झाला होता, तेव्हाचे किस्से अजून पुरताहेत. तोवर वहिनीची टाच दुखायला लागली. मधल्या सुट्टीत तुम्ही विचारता, "काय गं, तुमच्याकडे आज नवीन काय?" आणि मी तोंड उघडेपर्यंत घंटा होते. म्हणून या वेळी लिहूनच आणलं आहे. डबे खात खात वाचा.

माणसं फार नाहीत, गोंधळू नका. सरकारी दप्तरात हुद्द्यावर असलेले बाबा, आई, बाबांची थोरली विधवा बहीण माईआत्या, दादा, उज्जैनहून सून होऊन आलेली वहिनी आणि मी. घर लष्कर भागात, दाना ओली नावाच्या गल्लीत. ओसरीपासून देवघरापर्यंत सगळी दगडी फरशी. वहिनीला पाचवा महिना लागला आणि तिथून सुरुवात झाली.

*

पहिल्या दिवशी सकाळी वहिनीने पलंगावरून पाय खाली टेकला आणि "आई गं!" करून ओरडली.

पाचव्या महिन्यात सून अशी ओरडली तर घरात काय होणार? आईने पाणी तापत ठेवलं. माईआत्याने देव पाण्यात ठेवले. दादा एकाच पायात जोडा घालून कंपूतल्या दवाखान्याकडे पळाला आणि नर्सबाईंना टांग्यातून घेऊन आला.

नर्सबाई धापा टाकत आत आल्या. त्यांना खुर्ची दिली. चहा आला. चहा संपवून, तोंड पुसून त्यांनी विचारलं, "हाँ, तो मरीज कहाँ है?"

दादा खाली मान घालून म्हणाला, "जी... वही, जो अभी चाय देकर गईं."

*

दुखणं होतंच तसं विचित्र. सकाळची पहिली पावलं टाकताना टाचेत सुई शिरल्यासारखं व्हायचं. भिंत धरून, ओठ चावून थोडं चाललं की हळूहळू कमी व्हायचं. मग पुन्हा बसून उठलं की पुन्हा तेच.

आता असं दुखणं आमच्या घरात कोण खरं मानणार? माईआत्याने लगेच नाव ठेवलं, "सकाळी लंगडी, दुपारी बिजली!"

आई मात्र न्यायी बाई आहे. ती म्हणाली, "उगाच बोलू नये. आपण बघू या." तिने वहिनीला जेवणानंतर झोपायला लावलं. वहिनी चांगली झोपली आणि उठली ती भिंतीला धरूनच. मग आईने तिला गहू निवडणं सोडून सगळी उभ्याची कामं दिली. संध्याकाळपर्यंत वहिनी सरळ चालत होती.

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे आराम केला की दुखतं आणि काम केलं की थांबतं!"

माईआत्या म्हणाली, "इतकं सासूच्या सोयीचं दुखणं देवाने पहिल्यांदाच काढलं गं!"

रात्री मात्र टाच नुसती ठणकत होती. पण तोपर्यंत निकाल लागून गेला होता.

*

आमच्या शेजारी मिश्राइन चाची राहतात. कुणाला काय होणार, हे त्यांना होणाऱ्या बाईच्या आधी कळतं. त्यांनी विचारलं, "कौन सी एड़ी?"

"दाहिनी," आई म्हणाली.

"लड़का है! बाँट दो मिठाई!"

आईने त्या दिवशी शिरा केला. वहिनीला गरम गरम वाढला, वर तूप घातलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "दुखू दे गं. चांगलं असतं."

पुढच्या आठवड्यात डावी टाचही दुखायला लागली. आई घाबरत घाबरत चाचींकडे गेली. चाचींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "जुड़वाँ!"

माईआत्या जपमाळ थांबवून म्हणाली, "हिला तिसरा पाय नाही, हे आपलं नशीब."

*

मग घरगुती औषधं. माईआत्याचा विश्वास काशाच्या वाटीवर. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं, म्हणजे सगळी उष्णता उतरते. "असं नाही, असं," म्हणून तिने पाय लांब करून स्वतःच्याच तळव्यावर दाखवायला घेतलं. मग म्हणाली, "माझा हात पोचत नाही. तूच घास, म्हणजे शिकशील."

वहिनी घासायला बसली. माईआत्या बघता बघता घोरायला लागली.

दुसऱ्या दिवशी माईआत्या म्हणाली, "काल नीट आलं नाही तुला. पुन्हा दाखवते."

असं शिक्षण बरेच दिवस चाललं. काशाच्या वाटीचा गुण मात्र खरोखर आला. माईआत्याचे पाय आता लोण्यासारखे झाले आहेत!

त्याच दिवसांत एकदा मी गच्चीवर वाळवणाशी बसले होते. वहिनी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "वन्सं, मला औषध नको की शिरा नको. या घरात कुणीतरी एकदा 'दुखतं का गं?' असं विचारावं. बस. तेवढं झालं तरी अर्धं दुखणं जाईल."

मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मी तोंड उघडेपर्यंत ती उठून, भिंतीला धरून, जिन्यापाशी पोचलीसुद्धा.

*

शेवटी दादाने हिंमत केली आणि तिला कंपूतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पाय दाबून पाहिला आणि सांगितलं, की वजन वाढलं, त्याचा ताण तळव्याच्या शिरांवर येतो; हे दुखणं खरं आहे. उठण्याआधी पलंगावरच पायाची बोटं आपल्याकडे ओढून धरायची. बसल्या बसल्या पायाखाली काहीतरी गोल फिरवायचं. आणि दगडी फरशीवर अनवाणी अजिबात चालायचं नाही; घरातसुद्धा मऊ तळाचे बूट घालायचे.

दादाने हे जेवताना सांगितलं. त्याने जेवण तरी होऊ द्यायला हवं होतं!

"चामडं? घरात?" माईआत्याच्या हातातला घास तसाच राहिला. "बूट घालून ही स्वयंपाक करणार? मग देवालाही कोट-पाटलून शिवा!"

बाबा कधी मध्ये बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "आपल्या घरात आजवर फक्त एक गोरा साहेब बूट घालून आला. तोही ओसरीपर्यंत."

दादा म्हणाला, "अहो बाबा, पण त्याला दिवस गेले नव्हते!"

त्यानंतर दादा दोन दिवस बाहेरच जेवला.

*

गोल वस्तूचा प्रश्न मात्र दादाने गुपचूप सोडवला. नई सडकेवरून एक नवं कोरं लाटणं आणून दिलं. वहिनी खोलीचं दार लावून ते पायाखाली फिरवायची आणि स्वयंपाकघरातल्या लाटण्यात मिसळू नये म्हणून उशीखाली ठेवायची.

एक दिवस आई चादरी बदलायला गेली आणि तिला सुनेच्या उशीखाली लाटणं सापडलं.

तिने लाटणं होतं तसंच ठेवलं, उशी नीट केली. संध्याकाळी दादा आला, तेव्हा त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तिला काही वेडंवाकडं बोललास का रे? माफी माग हो. आत्ताच माग."

*

आता वहिनीची खरी हुशारी ऐका. एका दुपारी ती माईआत्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. अगदी गरीब चेहऱ्याने तिने विचारलं, "माईआत्या, सोवळ्यात धाबळी चालते ना?"

"लोकरीला कसला विटाळ? चालते."

"आणि लाकूड?"

"मग पाट काय सोन्याचे असतात?"

"आणि लाकडावर धाबळीचा तुकडा अंथरला तर?"

"अगं, त्यावरच बसून मी जप करते! उज्जैनसारख्या क्षेत्राच्या गावची ना तू? एवढंही शिकवलं नाही?"

"नाही ना," वहिनी म्हणाली. "म्हणूनच विचारलं."

दोन दिवसांनी नई सडकेवरच्या सुताराकडून खडावा आल्या. पुढे खुंटी नाही, नवारीचा रुंद पट्टा. आणि वर धाबळीच्या घड्या घालून बसवलेली जाड, मऊ गादी. चामड्याचा कण नाही! वहिनी त्या घालून स्वयंपाकघरात शिरली आणि माईआत्याने बोलायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. शास्त्र तिचंच होतं.

मग माईआत्या आईला म्हणाली, "हिला वकील करायचं होतं. सून करून फुकट घालवली."

*

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती म्हणजे आवाज.

आमच्या घरात खडावा फक्त आजोबा घालायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ते होते तेव्हा आतून खट्, खट् आवाज आला की सगळं घर सरळ व्हायचं. आई डोक्यावरचा पदर ओढायची, दादा पुस्तक उघडायचा, माईआत्याच्या जपाचा वेग वाढायचा. आणि बाबा! बाबांना विडीचा नाद. पण आजोबा असेपर्यंत पन्नाशीचे बाबा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपून विडी ओढायचे. आजोबा गेल्यावर सुतक संपलं आणि विडी खाली ओसरीवर आली.

वहिनी खडावा घालून पहिल्यांदा माजघरातून गेली, तेव्हा दादा आरशासमोर शीळ घालत दाढी करत होता. खट्, खट् ऐकल्याबरोबर त्याची शीळ थांबली आणि अर्ध्या दाढीनिशी त्याने शेजारचं पुस्तक उघडलं. ते पंचांग होतं!

*

आणि आता परवाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी वहिनीचं डोहाळजेवण होतं. साऱ्या लष्कर भागातल्या बायका येणार. माईआत्याने आदल्या संध्याकाळी जाहीर केलं, "उद्या ही खटखट चालायची नाही. चार बायकांत अनवाणीच वावरायचं आणि सगळ्यांच्या पाया पडायचं. एक दिवसाने काही मरत नाही कोणी."

वहिनीचा चेहरा पडला. आई माझ्याकडे बघायला लागली, मी फरशीकडे. शेवटी आई म्हणाली, "यांनाच विचारा." आमच्याकडे बाबांनी मानल्याशिवाय काहीच खरं होत नाही. पाऊससुद्धा बाबा "पडतोय वाटतं" म्हणाले की पडतो.

एक सांगायचं राहिलं. लग्न होऊन आल्यापासून वहिनी बाबांशी एक शब्द बोललेली नाही आणि त्यांच्यासमोर कधी बसलेली नाही. भांडण नाही, रीत आहे. काही सांगायचं असलं तर ती आईला सांगते, आई बाबांना.

बाबा ओसरीवर एकुलत्या एका खुर्चीत बसले होते. विडी नुकतीच पेटवली होती. माईआत्या त्यांच्यापुढे उभी राहिली. आई आणि मी दाराआड.

"भाऊ, उद्या त्या खडावा नकोत, हे तूच सांगून टाक."

बाबांनी धूर सोडला. "सांगतो ना. सुनांचा पाय घरात वाजू नये. आणि टाच दुखणं हे काय दुखणं झालं? मी स्पष्टच..."

आतून आवाज आला. खट्. खट्. खट्.

बाबा ताडकन उभे राहिले! विडी कोटाच्या खिशात गेली, हात मागे बांधले गेले, मान खाली. शाळेत हेडमास्तर आल्यावर आपण उभ्या राहतो ना, अगदी तसे.

दारातून वहिनी आली. हातात चहाचा पेला.

बाबांनी एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा तिच्या खडावांकडे, मग रिकाम्या खुर्चीकडे. माईआत्या त्यांच्याकडेच बघत होती. उठले तर होते. आता उठण्याला कारण द्यायला हवं होतं.

बाबांनी घसा खाकरला. "ये. बस इथे."

आईने माझा हात घट्ट धरला.

"बस, बस," बाबा म्हणाले. "म्हणूनच उठलो मी. दुखतं का गं फार?"

वहिनी तशीच उभी राहिली. मग तिने पेला कठड्यावर ठेवला, पदर सावरला आणि बाबांच्या देखत, बाबांच्या खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आले होते. तिने वर पाहिलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बाबांशी बोलली,

"मामंजी, खिसा पेटलाय."