नापास माल

आइस्क्रीमच्या त्या कारखान्यात मालकाला सगळे साहेब म्हणत आणि साहेबांच्या आत्याला सगळे, अगदी वॉचमनपासून हिशेबनीसापर्यंत, आत्याच म्हणत. साहेबांना फारसं कुणी घाबरत नसे. आत्याला मात्र सगळे टरकून असत. पट्ट्याच्या टोकाशी उंच स्टुलावर, लोकरीची टोपी कानांवर ओढून ती बसलेली असे आणि समोरून सरकणाऱ्या प्रत्येक चॉकोबारकडे असं बघे, जणू तो तिच्याकडे उसनं मागायला आलाय.

काडी जराशी तिरपी दिसली की नापास. चॉकलेटला केसाएवढी चीर पडली की नापास. कपाचं झाकण नीट बसलं नाही, नापास. नापास माल शेजारच्या निळ्या पेटीत पडे आणि संध्याकाळी ती पेटी हातगाडीवर चढून रस्त्यापलीकडच्या वृद्धाश्रमात जाई. विकता येत नाही, फेकवत नाही, तर म्हाताऱ्यांनी खाल्लं म्हणून काय बिघडलं?

या व्यवहारात एकच गोम होती. ऊन वाढलं की काड्या जास्त तिरप्या होत. वृद्धाश्रमात कुणी नवीन राहायला आलं की झाकणं बसेनाशी होत. आणि एखाद्या दिवशी माल अगदीच नीट निघाला, तर आत्या इकडेतिकडे बघून एखादी काडी अंगठ्याने हळूच दाबून देई. दान करायचा अधिकार तिला कुणी दिला नव्हता. नापास करायचा दिला होता, आणि मिळालेला अधिकार फुकट घालवणाऱ्यांतली ती नव्हती.

हे सगळं मुख्यतः मोठ्या बाईंसाठी चाललं होतं. मोठ्या बाई म्हणजे वृद्धाश्रमातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. आत्याला त्यांनीच शिकवलं होतं, तेही कान पिळून पिळून. यजमान गेले तेव्हापासून बाईंची अन्नावरची वासनाच उडाली होती. ताट जसंच्या तसं परत जायचं. त्यात कुणाचं फुकट म्हणून काही घ्यायचं नाही हा जन्मभराचा ताठा. पहिल्या दिवशी आत्या गाडी घेऊन गेली तेव्हा बाईंनी पर्स उघडून विचारलं, "किती द्यायचे?"

"पैसे कसले, बाई? खराब माल आहे. तुम्ही नाही खाल्लात तर गटारात जाईल."

"अन्न वाया घालवू नये," असं म्हणून बाईंनी चमचा उचलला.

तेव्हापासून वृद्धाश्रमातली मंडळी कारखान्यावर रोज संध्याकाळी उपकार करू लागली. नुसतं खाऊन गप्प बसत नसत, शेरेही मारत. व्हॅनिलाला आज वास कमी आहे. चॉकलेट कवळीला चिकटतंय. मोठ्या बाई मात्र दोन कप संपवून मगच दोष सांगत. त्या दोन कपांवर आणि सकाळच्या वाटीभर दुधावर त्यांची कुडी तगून होती. आत्याला ते माहीत होतं.

पुढे कारखान्याचा आधीचा मालक, म्हणजे आत्याचा भाऊ, गेला आणि कारखाना भाच्याकडे, म्हणजे आताच्या साहेबांकडे, आला. भाचा गुणी, कष्टाळू, पण त्याला वाढीचं भूत चढलेलं. नव्या गाड्या घेतल्या, त्यांवर 'आमच्या मालात खोट नाही' असं ठळक रंगवून घेतलं. मग एक यंत्र आणलं. त्याला कॅमेरा होता आणि तो आत्याचं काम आत्याशिवाय करत होता. पहिल्याच दिवशी पेटीचा तळसुद्धा झाकला गेला नाही. आत्याने यंत्रालाच नापास केलं.

भाच्याने तिला कोपऱ्यात घेतलं. "आत्या, मग इतकी वर्षं तू काय नापास करत होतीस?"

"माझे डोळे तुझ्या कॅमेऱ्यापेक्षा कडक आहेत."

भाचा काही दुधखुळा नव्हता. त्याने ओळखलं. रागावला असता तर बरं झालं असतं, तो खूश झाला. "अगं, दानच करायचंय ना? मग चोरून कशाला? उघड करू! हल्ली मोठे खरेदीदार आधी हेच विचारतात, समाजासाठी काय करता म्हणून. पुण्यही मिळेल आणि धंदाही वाढेल."

एकाच कपात पुण्य आणि नफा भरायचा त्याचा बेत ठरला. वृद्धाश्रमात हा भलामोठा फलक लागला. त्यावर 'ज्येष्ठांच्या सेवेत' ही अक्षरं बारीक आणि भाच्याचा फोटो दरवाजाएवढा. म्हाताऱ्यांना ओळीने बसवलं, कप हातात दिले, फोटोवाला "जरा हसा" म्हणाला.

मोठ्या बाईंनी विचारलं, "हा माल खराब आहे ना?"

भाच्याने छाती फुगवली. "छे छे, बाई! एक नंबर माल. खास तुमच्यासाठी, अगदी मोफत!"

बाईंनी कप खाली ठेवला. "आम्ही तुमच्या कारखान्याला मदत करत होतो. भीक मागत नव्हतो."

बघता बघता सगळे कप खाली आले. फोटोवाल्याला वितळत्या आइस्क्रीमचे तेवढे सुंदर फोटो मिळाले.

दुसऱ्या दिवसापासून हातगाडी भरलेली जाई आणि भरलेलीच परत येई. चार दिवसांनी तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी आत्याला फाटकाशी गाठलं. मोठ्या बाई आता दूधसुद्धा परत पाठवतात, म्हणाल्या. आत्या तडक भाच्याच्या खोलीत घुसली.

"तुझ्या त्या एक नंबर मालाने म्हातारी उपाशी मरायची! चल, माल बिघडला म्हणून सांग त्यांना."

"तू सांग ना!"

"माझं कोण ऐकणार आता? एक नंबर कोण म्हणालं होतं?"

भाच्याने कपाळाला हात लावला. "उद्या मोठ्या दुकानांच्या साखळीच्या खरेदीवाल्या मॅडम येतायत, आत्या. उद्या त्यांच्या कानावर 'बिघडला' हा शब्दसुद्धा पडता कामा नये."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि म्हणाल्या, कारखाना नंतर बघू, आधी तुमचं समाजकार्य दाखवा. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने मात्र दोन कप उचलले आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

मोठ्या बाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मनगटं काड्यांसारखी झालेली. त्यांनी कपाकडे बघितलं, मग थेट भाच्याकडे. "खरं सांग. कसा आहे माल?"

भाच्याने मॅडमकडे बघितलं. मॅडम वही उघडून उभ्या होत्या. मग त्याची नजर त्या मनगटांवर गेली.

"बिघडलाय, बाई. पार बिघडलाय."

"रोज बिघडतो?"

"रोज एक पेटी तरी बिघडतेच," भाचा रडवेल्या आवाजात म्हणाला.

बाईंनी चमचा उचलला. पहिला घास, दुसरा, तिसरा. कप रिकामा झाल्यावर बाई म्हणाल्या, "साखर जास्त झालीय."

दाराबाहेर पडता पडता मॅडम भाच्याला म्हणाल्या, "माझ्यासमोर माल बिघडतो म्हणून कबूल करणारे तुम्ही पहिलेच. थोड्या दुकानांत ठेवून बघू तुमचा माल." जन्मात पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलला आणि त्याच दिवशी तो प्रामाणिक ठरला. हसावं की रडावं ते न कळून तो त्यांच्या मागोमाग जिना उतरला.

आत्या मागेच थांबली. बाईंनी तिचा हात धरून तिला खाटेवर बसवलं.

"भाचा तुझ्यावर गेलाय. खोटं बोलताना कान लाल होतात."

आत्याचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. "म्हणजे बाई, तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"जन्मभर पोरांच्या सबबी ऐकल्यात मी."

"मग खात कशा होतात?"

"तू रोज नवी सबब शोधून आणायचीस. माझ्यासाठी एवढी डोकेफोड आता कोण करतं गं?"

आत्याला रडू आवरेना. तोंडात पदर कोंबून ती मुसमुसत राहिली.

"रडतेस काय? वितळतंय ते," बाई म्हणाल्या. "तो दुसरा कपही बिघडलाय ना? मग दे इकडे."