उलटा बिल्ला

गडाच्या महादरवाजाच्या सावलीत साठीच्या एक बाई दम खात बसल्या होत्या. शेजारच्या त्यांच्या काठीवरून माझी नजर हलेना. गड, लेणी, अभयारण्यं, जिथं जिथं त्या गेल्या तिथला एकेक पितळी बिल्ला तिच्यावर बसवलेला. कुठे नखाएवढा बुरूज, कुठे शेकरू. एवढा मुलूख एका काठीला बिलगून होता! त्यात एकच बिल्ला उलटा.

"मावशी, हा उलटा लागलाय."

"मीच लावलाय. याच गडाचा आहे. तीन वर्षांपूर्वी चढायच्या आधीच पायथ्याशी विकत घेतला, आणि या दरवाजापर्यंत येऊन गुडघ्यानं दगा दिला. मुकाट उतरले. बिल्ला टाकवेना, आणि सरळ लावायला मन होईना."

सरळ लावला असता तरी कोण बघणार होतं? मी तर गाडीतून पाहिलेले गडसुद्धा 'केले' म्हणून सांगत आले होते.

मग आम्ही बरोबरच चढलो. माथ्यावर टाक्याच्या काठावर बसून त्यांनी पिशवीतून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बिल्ला सोडवला. उन्हानं, घामानं काठी काळपट झाली होती. बिल्ल्याखालचं लाकूड मात्र अजून कोवळं, पिवळसर होतं. माघारी फिरल्याचा तो दिवस तिथं जसाच्या तसा जपलेला.

बिल्ला आता सरळ बसेल म्हणून मी वाट पाहत होते. मावशींनी त्या कोवळ्या जागेवरून अंगठा फिरवला आणि काठी उन्हात आडवी धरली.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "आधी हिला इथलं ऊन लागू दे."