अकरा मिनिटांत सोल्ड आऊट

बुधवार, दुपारचे अकरा वाजून त्रेपन्न मिनिटं. चाकणमधल्या एका कारखान्याचं कँटीन. सदतीस माणसं ताटं वाढून बसली होती आणि एकही जेवत नव्हता.

मी या पट्ट्यात तीस वर्षं बातमीदारी केली. माझ्या वह्यांत संप आहेत, टाळेबंदी आहे, पाणीकपात आहे, सर्व्हिस रोड अडवून झोपलेले ट्रेलर आहेत. गाण्याच्या तिकिटासाठी वही उघडायची वेळ कधी आली नव्हती. पूर्वी तिकीट मिळायचं नाही तेव्हा खिडकीवरचा माणूस तसं तोंडावर सांगायचा, आणि त्याच्याशी भांडता तरी यायचं. आता भांडायला समोर कुणी नसतं, म्हणून किस्से साचतात. एका तिकिटापायी माझ्याकडे साचले तेवढे सांगतो.

तिकीट कांबळेंना हवं होतं.

रविवारी सकाळी कासारवाडी स्टेशनबाहेर आम्ही चौघं चहाला बसतो. मी, कांबळे, त्यांच्याच कारखान्यात मेंटेनन्सला असलेला बीडचा माधव आणि मंडपवाले दत्ताभाऊ. कांबळे प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं आहेत. पत्र्याला आकार देणारी ती प्रेस दिवसभर आदळते. त्यांचा डावा कान गेलाय, उजवा निघालाय. डॉक्टरांनी सांगितलं, "मशीन लावल्यावर बोलणं कळेल. गाणं पूर्वीसारखं लागणार नाही. ऐकायचं ते या वर्षात ऐकून घ्या."

हे कांबळेंनी आम्हाला रजेची तारीख सांगावी तसं सांगितलं.

आणि त्याच महिन्यात, लग्नाआधी कासारवाडीच्या खोलीत ज्याच्या कॅसेटी त्यांनी झिजवल्या, त्या गायकाने शेवटचा दौरा जाहीर केला. मैदान आमच्याच भागातलं. बुकिंग ऑनलाइन, बुधवारी बारा वाजता.

"एकदा समोर बसून ऐकतो," कांबळे म्हणाले. "मग कानाला म्हणेन, जा तू."

*

तयारी माधवने हातात घेतली. महिनाअखेरीचं डिस्पॅच असल्यामुळे रजा बंद होत्या. शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, कँटीनमध्ये चालतो. म्हणून माधवने जेवणाच्या सुट्टीत सदतीस माणसं उभी केली. ज्याचा नंबर लागेल त्याने दोन तिकिटं कांबळेंना द्यायची!

त्याने स्टॉपवॉच लावून चाचणी घेतली. ओटीपी यायला नऊ सेकंद, टाइप करायला चार. मग रीतसर कार्यपद्धती लिहून, फोटोंसह, वॉटर कूलरशेजारी चिकटवली. पायरी चार होती : "घाबरू नये." खाली वाचल्याच्या सह्या.

पत्र्याच्या शेडखाली रेंज नसते, म्हणून सगळे कंपनीच्या वायफायवर.

बारा वाजले. सदतीस बोटं एकदम पडली. आणि सदतीस मोबाइलवर एकच मजकूर आला : "आपल्या नेटवर्कवरून यंत्रमानवाच्या हालचाली आढळल्या आहेत. आपण माणूस असल्याची खात्री करा. सिग्नल असलेले चौकोन निवडा."

लोक चौकोन निवडू लागले. एकाने हात वर केला. "माधवभाऊ, ह्यातला एक सिग्नल बंद आहे. आपल्या चौकातल्यासारखा. तो धरायचा का?"

माधव म्हणाला, "धर!" तेवढ्यात सदतीसच्या सदतीस ब्लॉक झाले.

माधवने कँटीनच्या काचेतून पलीकडे पाहिलं. पलीकडे वेल्डिंग लाइनवर यंत्रमानव काम करत होते. त्यांच्या जागी पूर्वी बावीस पोरं होती.

"हे आले तवा लेकाचं कुणीच विचारलं नाई," तो म्हणाला, "माणूस हाय का म्हणून!"

*

कांबळे मात्र कँटीनमध्ये नव्हते. ते भंगाराच्या यार्डापाशी स्वतःच्या नेटवर्कवर उभे होते. त्यांना नंबर मिळाला. त्यांच्या पुढे एक लाख चौऱ्याऐंशी हजार माणसं होती.

कांबळेंना त्याचं काही वाटलं नाही. "रेशनला उभा राहिलोय, गॅसला उभा राहिलोय. रांग आहे म्हणजे नंबर येणार."

साडेबाराला भोंगा झाला. मोबाइल आत नेता येईना आणि रांग सोडवेना. म्हणून त्यांनी तो चार्जरला लावून गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांकडे ठेवला आणि सांगितलं, "काका, नंबर आला की निरोप धाडा."

काका माजी सैनिक. सांगितलेलं काम अर्धवट करणं त्यांना जमत नाही. त्यांनी गेटच्या रजिस्टरमध्ये, आत आलेल्या पत्र्याच्या कॉइलच्या खाली, नोंदी सुरू केल्या.

"१३.०० : पुढे १,२१,०००. १३.३० : पुढे ७८,०००. १४.०० : पुढे १९,५००."

दोन बावीसला पडदा हिरवा झाला. "तुमची पाळी आली आहे! खुर्ची निवडा. तुमच्याकडे चार मिनिटं आहेत."

काका ताडकन उठले. पण ड्यूटीवरच्या कामगाराला गेटवर बोलवायचं तर गेटपास लागतो, आणि गेटपासवर विभागाची सही लागते. त्यांनी गेटपास भरला. कारण या रकान्यात "वैयक्तिक (गायन)" लिहिलं. पास घेऊन माणूस आत पळाला, सही झाली, कांबळे हातमोज्यांसकट धावत आले.

मी ती नोंद स्वतः पाहिली आहे. अक्षर सुंदर आहे.

"१४.२६ : वेळ संपली. मोबाइल सुस्थितीत परत केला."

*

संध्याकाळी आयोजकांनी जाहीर केलं : "अकरा मिनिटांत सोल्ड आऊट! पुणेकरांचे मनापासून आभार!"

मैदान आमचं, धूळ आमची, तुंबलेला रस्ता आमचा, आणि आभार पुणेकरांचे! ते एक वेळ सोडून देऊ. पण बारा अकराला तिकिटं संपली होती, तर दोन बावीसला कांबळेंना खुर्ची निवडायला कोण सांगत होतं? माझ्याकडे रजिस्टरचा फोटो होता. मी आयोजकांना मेल केला. उत्तर नाही. तेव्हा तिकीटवाल्यांच्या मदत केंद्रावर लिहिलं. रिया नावाची मुलगी बोलायला आली.

मी तिला चाळीस मिनिटं धारेवर धरलं. ती दर वेळी म्हणायची, "तुमची अडचण मी समजू शकते." मी तिच्या वरिष्ठांचं नाव विचारलं. ती म्हणाली, "तुमची अडचण मी समजू शकते." शेवटी मी लिहिलं, "मी पत्रकार आहे, तुमच्या दारात येऊन बसेन!"

ती म्हणाली, "छान! तुमचं तिकीट कोणत्या शहरासाठी हवं आहे?"

तेव्हा मला कळलं की ती माणूस नाही. तिला कुणी चौकोन निवडायला सांगितले नव्हते.

*

साइटने कांबळेंना प्रतीक्षा यादीत नाव नोंदवायला सांगितलं. त्यांनी नोंदवलं. हे ऐकून दत्ताभाऊंचा चेहरा उजळला. दत्ताभाऊ मूळ गावठाणातले. त्यांच्या ओळखीने न होणारं काम त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

"आरं, वेटिंगच हाय ना? मग कोटा आसंल की! रेल्वेला न्हाई का आसत?"

"भाऊ, ही रेल्वे नाही," मी म्हणालो.

"पर वेटिंग हाय न्हवं?"

दत्ताभाऊ कांबळेंना एका पुढाऱ्याच्या कार्यालयात घेऊन गेले. तिथल्या माणसाने एक प्रश्न न विचारता शिफारसपत्र टाइप केलं. "प्रति, मा. व्यवस्थापक, ऑनलाइन, पुणे. सदर व्यक्ती आमच्या चांगल्या परिचयाची असून गरजू आहे. तरी सहकार्य करावे." गोल शिक्का, दोन प्रती.

आता हे द्यायचं कुणाला? माधवने पत्राचा फोटो काढला आणि रियाला पाठवला. रियाने तो तत्काळ वाचला.

"नमस्कार सदर! आज मी तुमची काय मदत करू?"

"बघा!" दत्ताभाऊ म्हणाले. "वळख दिली का न्हाई?"

*

कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी साइटवर नवं पान उघडलं. ज्यांनी तिकिटं घेतली पण येणं जमत नाही, त्यांनी ती इथे परत विकावीत म्हणे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रांगेतल्या इतक्या लोकांना एकदम येणं जमत नव्हतं, की गावात साथ आली की काय असं वाटावं! एकेका खुर्चीसमोर किंमत होती. आकडा लिहीत नाही. कांबळे हे वाचतात.

त्यांनी तो आकडा पाहिला होता. मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाले, "चहा सांगा."

तेव्हा दत्ताभाऊ खाकरले. मैदानावर खुर्च्या मांडायचं काम त्यांच्याकडेच होतं. "मान्सं कमी हायती. रविवारी खुर्च्या मांडाय येतासा का? एकदा आत शिरलासा की कोण भाईर काढतंय?"

*

रविवारी सकाळी कांबळे आत शिरले. पुढच्या रांगांच्या खुर्च्यांना धुतलेली पांढरी कव्हरं होती आणि धूळ बसू नये म्हणून वर प्लास्टिक. पाहुणा आला की स्वयंसेवकाने प्लास्टिक कापायचं, अशी सूचना होती. दोन ते पाच, या चार रांगा कांबळेंनी बांधल्या. उरलेल्या कॉइलला प्लास्टिक गुंडाळताना प्रेस शॉपमध्ये एक उलटी गाठ मारतात, ती मारली. ती सुटत नाही. कापावीच लागते.

चार वाजता सगळ्या कामगारांच्या मनगटावरच्या पट्ट्या कापून त्यांना बाहेर काढलं. दत्ताभाऊंनी आवाज चढवून पाहिला. कांबळे म्हणाले, "राहू दे भाऊ. शिफ्ट सुटली."

साताला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आम्ही चौघं सर्व्हिस रोडवर, दत्ताभाऊंच्या टेम्पोला टेकून उभे होतो. भिंतीपलीकडून गायकाचा आवाज येतच नव्हता. येत होता तो नुसता ठोका. धब्ब. धब्ब. धब्ब. टेम्पोचा पत्रा थरथरत होता.

कांबळेंनी उजवा कान भिंतीकडे केला. पाच मिनिटं ऐकलं.

"हे तर मी रोज ऐकतो," ते म्हणाले. "वर पगार देतात."

*

सोमवारी त्यांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी ते दत्ताभाऊंच्या माणसांबरोबर खुर्च्या उचलायला गेले. साडेसातला मला फोन आला. कांबळे फोनवर नेहमी ओरडतात. त्या दिवशी हळू बोलले.

"राव, तुम्ही या. वही घेऊन या."

मी गेलो. स्टेजचे पाइप उतरवत होते. मैदानभर पाण्याच्या बाटल्या. मागच्या रांगा वाकड्यातिकड्या, कव्हरं मातीने भरलेली, काही खुर्च्या पाय मोडून पडलेल्या. आणि पुढे चार रांगा जशाच्या तशा. सरळ. एका रांगेत चाळीस. प्लास्टिकवर रात्रीचं दव.

"गाठ माझी आहे," कांबळे म्हणाले. "सगळ्या माझ्याच आहेत."

आम्ही रांगांमधून फिरलो. तिसऱ्या रांगेच्या मध्यावर ते थांबले. खिशातून चाकू काढला, एक गाठ कापली, प्लास्टिक बाजूला केलं आणि बसले. समोर अर्धं उतरवलेलं स्टेज. मी शेजारी उभा राहिलो. ते म्हणाले, "इथून दिसलं असतं चांगलं."

मग उठून कामाला लागले.

आयोजकांना मी आजवर चार मेल केले, दोनदा त्यांच्या कार्यालयात जाऊन बसलो. तिकीटवाल्यांच्या बाजूने रिया माझी अडचण समजून घेते आहे. "अकरा मिनिटांत सोल्ड आऊट" ही जाहिरात अजून लागलेली आहे.

दत्ताभाऊ कव्हरं लाँड्रीला धाडतात आणि धुलाईचं बिल आयोजकांना लावतात; त्या चलनाची प्रत माझ्याकडे आहे. अक्षर कांबळेंचं. "रांग २ ते ५. कव्हर १६०. न वापरलेली १५९, धुण्याची गरज नाही. वापरलेले १." खाली माल मोजून घेतल्याची सही आहे. ती आयोजकांच्या प्रतिनिधीची आहे.